सहाव्या बाकावरचा हात

२ डिसेंबर, बुधवार

आज सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी, अड्यारच्या पुलावर, मला पुन्हा एकदा ओलं तिकीट मिळालं. ही घटना मी इथे नोंदवून ठेवतो, कारण अन्यायाची नोंद ठेवणारं कुणीतरी असावं लागतं आणि या शहरात ते काम दुसऱ्या कुणी अंगावर घेतलेलं दिसत नाही.

आमच्या अडुसष्ट-ब चा कंडक्टर कोदंडम. गड्डीतून तिकीट सुटं करायचं झालं की तो अंगठा जिभेला लावतो. तिरुवान्मियूरपासून ब्रॉडवेपर्यंत साधारण सत्तर वेळा. एक जीभ, सत्तर माणसं. बाकीचे एकोणसत्तर ते तिकीट घडी करून कानात घालतात. मी रुमालाने पुसतो. नऊ वर्षं पुसतो आहे.

कोदंडम मागच्या दाराजवळच्या आपल्या सीटवरून उठत नाही. आमच्याकडे कंडक्टर उठत नाहीतच, पैसे उठतात. पुढच्या बायकांचे पैसे हाताहातांतून मागे जातात, तिकिटं हाताहातांतून पुढे येतात. मी सहाव्या बाकावर, बरोबर मध्ये. मागून खांद्याला बोट लागलं की माझा उजवा हात मागे जातो, घेतो, पुढे देतो. मी पेपर वाचत असतो. हाताला माझी गरज लागत नाही. नऊ वर्षांत त्या हातातून एक नाणं हरवलेलं नाही, एक तिकीट चुकलेलं नाही.

कोमळमला (म्हणजे बायकोला) ओल्या तिकिटाचं सांगितलं. ती म्हणाली, "मग मासिक पास काढा." पासावर फोटो लागतो. माझे फोटो पोलिसांना हव्या असलेल्या इसमासारखे येतात.

४ डिसेंबर, शुक्रवार

मी सुसंस्कृत माणूस आहे. तक्रार करण्याआधी उपाय सुचवतो. काल पॅरीज कॉर्नरला प्लास्टिकच्या डबीतला ओला स्पंज विकत घेतला, बँकेत नोटा मोजायला वापरतात तो. आज सात रुपये सुटे आणि ती डबी, दोन्ही मागे पाठवलं.

तिकीट आलं, ओलं. त्यामागून डबीही परत आली. आठ हातांतून आली आणि प्रत्येक हाताबरोबर निरोपही आला. माझ्यापर्यंत पोचेस्तोवर अर्ध्या बसला तो पाठ झाला होता: "कंडक्टर म्हणतायत, घरी बाळ असेल तर त्याच्या पाटीला होईल."

आम्हाला मूल नाही. हे कोदंडमला ठाऊक असण्याचं कारण नाही. तरी बस हसली ती हसलीच. आठव्या बाकावरचे बँकेतले सुंदरवदनम तर चष्मा काढून डोळे पुसत होते.

मी मागे वळून म्हटलं, "लक्षात ठेवीन."

मागून आवाज आला, "ठेवा सार. आत सरका, आत सरका! आत जागा आहे, लग्नाचा मांडव घालता येईल!"

८ डिसेंबर, मंगळवार

कोमळमने ताट वाढलं आहे. तरी लिहितो.

सकाळी गर्दी होती. मी सात रुपये मागे पाठवले, पेपर उघडला. अग्रलेख इतका मूर्खपणाचा होता की मी तो चवीने वाचत होतो. हात त्याचं काम करत होता, चार-पाच तिकिटं पुढे गेली असतील. माझं आलं नाही. येईल म्हटलं. पुढे बायकांमध्ये कसली तरी खसखस पिकली. ड्रायव्हर मासिलामणि मोठ्याने म्हणाला, "अगं बायांनो, आता माझंही तिकीट काढता का?" आणि सगळ्या हसल्या. आणि त्याच क्षणी मंदवेळीच्या थांब्यावर दोन तपासनीस चढले.

"तिकीट?"

"पैसे दिलेत. यायचं आहे."

"कुठून यायचं आहे?"

मी मागे बोट दाखवलं. कोदंडम उठला. नऊ वर्षांत मी त्याला प्रथमच उभा पाहिला, बुटका आहे. म्हणाला, "सार, दिलं मी. सात रुपयांचं. हातांतून पाठवलं."

"मग कुठे आहे?"

"तेच मी तुम्हाला विचारतोय सार."

त्या क्षणी मला सगळं कळलं. हा स्पंजाचा सूड होता! मी तसं म्हणालोही, आणखीही बरंच म्हणालो. चोर म्हणालो. माणूस बुटका असला की शब्द वरून पडतो, जास्त लागतो. तो परत आपल्या सीटवर जाऊन बसला.

दंड पाचशे. खिशात साडेतीनशे. तपासनीस म्हणाला, "मग खाली उतरा, चौकीत चला." बस उभीच. मागून पुढून आवाज: "ओ सार, उतरा तरी नाहीतर भरा तरी, आमचे पगार कापतात!" मी पंचावन्न माणसांपुढे फुकट्या ठरून उभा होतो. तेवढ्यात मागून खांद्याला बोट लागलं. एक शंभराची आणि एक पन्नासाची नोट. दोन्ही लांबीकडून उभ्या घडीच्या, सुरीसारख्या सरळ.

"कुणाचे?" मी विचारलं.

"मागून आलेत," एवढंच मागचा म्हणाला.

वळून पाहिलं. सुंदरवदनम खिडकीबाहेर पाहत होते, अगदी सात्त्विक चेहऱ्याने. सज्जन माणूस. त्या दिवशी हसल्याचं मनाला लागलं असणार.

कोदंडम, तुला सोडणार नाही.

९ डिसेंबर

महामंडळाला तक्रार लिहिली. तीन पानं. दिवसभर मी भिंतीवरच्या कॅलेंडरांची प्रुफं तपासतो, रोजच्या कागदावरचा राहुकाळ आणि गौरी पंचांगातल्या शुभ वेळा. पल्लेदार वाक्य लिहायची संधी वर्षानुवर्षं येत नाही. 'सदर कंडक्टरने वैयक्तिक आकसापोटी पैसे घेऊन तिकीट दिले नाही' हे वाक्य चार वेळा लिहून काढलं, दर वेळी जास्त गोड लागलं.

१० डिसेंबर

सुंदरवदनम यांना बसमधून उतरल्यावर गाठून आभार मानले. म्हटलं, पगार झाला की देतो. ते म्हणाले, "असू दे हो." किती थोर.

११ डिसेंबर, शुक्रवार

आजपासून माझ्या हाताचा संप.

खांद्याला बोट लागलं. मी पेपर वाचत राहिलो. पुन्हा लागलं. पुढून जेयक्कोडी अक्कांनी पैसे धरून ठेवलेले. बंदरातल्या कँटीनमध्ये त्या सांबार करतात आणि आवाजही तसाच, मोठ्या पातेल्यात ढवळल्यासारखा. म्हणाल्या, "ओ पेपरवाले, घ्या की!"

"मी टपाल खात्यात नाही."

"हाताला काय झालं? लकवा?"

"संप."

"बायकोसमोर करून दाखवा संप," अक्का म्हणाल्या, आणि त्यांनी पैसे माझ्या डोक्यावरून फेकले. एक नाणं माझ्या कॉलरमध्ये गेलं. मी ते काढून दिलं नाही. खिंडीत एकटा उभा राहून मी आख्खी बस अडवली होती. मागे कोदंडमला प्रथमच सीटवरून उठून पुढपर्यंत यावं लागलं, घामाघूम. माझ्यापाशी आला तेव्हा काहीतरी बोलेल म्हणून मी तीन उत्तरं तयार ठेवली होती. तो म्हणाला, "सार, थोडा पाय घ्या."

उत्तरं वाया गेली. नाणं अजून इथे टेबलावर आहे.

१५ डिसेंबर

बसवर बहिष्कार घातला. शेअर रिक्षाने गेलो. तिघांच्या जागेत सात. मला ड्रायव्हरशेजारी अर्धं बूड टेकायला मिळालं, उरलेलं अर्धं मरीनाच्या वाऱ्यावर. ड्रायव्हर माझ्या मांडीवरून गिअर टाकत होता. लाईट हाऊसपाशी म्हणाला, "सार, पोलीस आहे, जरा पातळ व्हा." मी पातळ झालो. सूडासाठी माणूस काय काय करतो.

१८ डिसेंबर

पुलावरच्या रेल्वेने गेलो. स्टेशन एवढं भव्य की आत दोन लग्नं आणि एक निवडणूक सभा एकाच वेळी होईल. माणसं अकरा, बाकी कबुतरं. डब्यात कुणी कुणाला हात लावत नाही. शांत, स्वच्छ, कोरडं तिकीट. हेच तर मला हवं होतं. चेपाकला मागच्या माणसाची पिशवी माझ्या खांद्याला लागली आणि माझा हात आपोआप मागे गेला, तळवा उघडा. त्या माणसाला वाटलं मी भीक मागतो आहे. त्याने एक रुपया ठेवला.

मेट्रो म्हणून आणखी एक सोय होणार आहे म्हणतात. सध्या तिचे खड्डे तयार आहेत.

२३ डिसेंबर

पत्र आलं! कोदंडमला गाडीवरून उतरवलं. डेपोत बाकावर नुसतं बसायचं, सही करायची. वीस जानेवारीला चौकशी, मी साक्षीला. डेपोतल्या कारकुनाने फोनवर आपणहून सांगितलं की तो एकतीस जानेवारीला निवृत्त होतोय, तेहतीस वर्षं नोकरी, एकही डाग नाही. चौकशीत दोषी ठरला तर पेन्शन अडकेल.

"अरेरे," मी म्हटलं, आणि येताना पाव किलो मैसूरपाक आणला.

एवढ्यावर थांबलो नाही. कोदंडमची रास वृश्चिक. नऊ वर्षांपूर्वी तो एकदा शनीच्या नावाने ओरडत होता तेव्हा कळलं होतं. आमच्या कॅलेंडरावर रोज प्रत्येक राशीला एकच शब्द असतो: लाभ, सुख, भय, नष्ट, असा. एका दागिनेवाल्याची उशिरा आलेली चारशे कॅलेंडरांची ऑर्डर अजून प्रुफात होती. जानेवारीभर वृश्चिकेला मी आळीपाळीने भय आणि नष्ट घातलं. एकतीस तारखेला, क्रम मोडून, मुद्दाम नष्ट. ते कॅलेंडर त्याच्या घरी जाईल न जाईल. पण जगात चारशे भिंतींवर त्याचं वाईट लिहिलेलं असेल, या विचाराने गाढ झोप लागली.

५ जानेवारी

एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. त्यातलं एक कॅलेंडर आमच्या स्वयंपाकघरात लागलं आणि कोमळमची रासही वृश्चिकच आहे.

"अहो, सलग पाच दिवस? भय, नष्ट, भय, नष्ट, भय. तुमच्या ऑफिसात कुणाला वृश्चिकेचा राग आहे का?"

"ग्रहांचं काय सांगावं."

"पुढची पानं पाहिली मी. महिनाभर!" तिने पोंगलला माहेरी जायचं रद्द केलं. गॅस दोनदा तपासते. काल जिना उतरताना कठडा दोन्ही हातांनी धरला होता. मी म्हटलं, अगं, छापायची चूक असेल. ती म्हणाली, "तुम्ही तपासलेल्या कागदात चूक?" तिच्या आवाजात अभिमान होता. मी ताक प्यायलो.

१२ जानेवारी, मंगळवार

रेल्वे सिग्नलमुळे बंद. शेअर रिक्षा संपावर. नाइलाजाने अडुसष्ट-ब.

नवा कंडक्टर तरुण आहे, बसभर फिरतो, कुणाच्या खांद्याला कुणाचं बोट लागत नाही. माझी जागा दुसऱ्या कुणी घेतलेली. ढकलला जात जात पार ड्रायव्हरच्या मागे पोचलो. मासिलामणि नुकताच परत आला होता. शबरीमलैची यात्रा करून आला आणि मग त्याची ही गाडी रंगवायला वर्कशॉपात म्हणून महिनाभर दुसऱ्या मार्गावर होता. ड्रायव्हरला प्रवाशांची तोंडं ठाऊक नसतात, आरशात फक्त टाळकी दिसतात. त्याने मला ओळखलं नाही.

समोर अय्यप्पाची तसबीर, तिच्या चौकटीत लिंबू, आणि लिंबाशेजारी खोचलेलं एक तिकीट. सात रुपयांचं.

मी सहज म्हटलं, "देवाचंही तिकीट काढता?"

तो हसला. "ते माझं! महिना झाला की. एक दिवस मागून तिकीट आलं. बायका म्हणाल्या आमची मिळाली, हे पुढच्याचं. पुढचीने पुढे दिलं, तिने आणखी पुढे. पुढे कोण? मी! आता मी तिकीट काढून कुठे जाऊ? म्हटलं, राहू दे अय्यप्पाला. रंगाला गेली तेव्हा तसबीर घरी नेली होती, तशीच परत लावली." मग त्याने हॉर्न वाजवला आणि म्हणाला, "त्याच दिवशी मागे तपासणी झाली बघा. कुणा शहाण्याने आमच्या कोदंडमवर आळ घेतला. देवमाणूस हो. त्या शहाण्याला मी एकदा बघणार आहे."

"कसा दिसतो तो?" मी विचारलं.

"दिसायचं काय, उंदरासारखा असणार."

मंदवेळी आलं. उतरलो. ब्रॉडवे अजून अर्धा तास दूर होतं, तरी उतरलो.

आठ डिसेंबरला खांद्याला बोट लागलं होतं. हात मागे गेला होता. बोटांना ओलं लागलं होतं आणि ओलं लागलं म्हणून मी, कधी नाही तो, ते झटकन पुढे दिलं होतं. माझं तिकीट. माझ्या हाताने. मी अग्रलेख वाचत होतो.

१३ जानेवारी, भोगी

लोक जुन्या वस्तू जाळतात. ही डायरी जाळायचा विचार केला.

कुणाला ठाऊक नाही. मासिलामणिने दुवा जोडलेला नाही. तिकीट उद्या-परवा वाऱ्याने उडेलही. मी फक्त काही बोलायचं नाही, एवढंच काम आहे. आणि त्याने स्पंजावरून सगळ्यांसमोर माझं हसं केलं होतं, तेही खरं आहे. बाळाच्या पाटीचं बोलला होता.

१४ जानेवारी, पोंगल

दूध उतू गेलं. कोमळम "पोंगलो पोंगल" म्हणाली, पण घाबरत. वृश्चिकेला आज नष्ट आहे.

१५ जानेवारी

तेहतीस वर्षं. एकही डाग नाही. मी माझ्या हाताबद्दल हेच म्हणत होतो.

१७ जानेवारी

कोमळमला सांगितलं, सगळं, राशीसकट. तिने कॅलेंडरची पानं पुन्हा उलटून पाहिली. मग म्हणाली, "म्हणजे मला महिनाभर कसली भीतीच नव्हती?"

"नव्हती."

"आणि त्या माणसाला?"

मी इडली मोडू लागलो. तिने माझ्यासमोरून इडलीचं ताट उचललं. इडल्या अजून होत्या ताटात.

२० जानेवारी, बुधवार

डेपो. टेबलामागे अधिकारी, फाईल, पंखा. कोपऱ्यातल्या स्टुलावर कोदंडम, खाकी शर्ट कडक इस्त्रीचा. मासिलामणिला मीच बरोबर आणलं होतं. सकाळी बसमध्ये त्याला म्हटलं, "तो उंदीर मीच." त्याने आरशातून माझ्याकडे इतका वेळ पाहिलं की बस सिग्नल ओलांडून गेली.

अधिकाऱ्याने विचारलं, "तक्रार कायम आहे?"

"नाही. तिकीट दिलं होतं."

"मग घेतलं कुणी?"

"ह्याने," मी उजवा हात टेबलावर ठेवला. "मागून घेतलं आणि पुढे दिलं. सवयीने."

अधिकाऱ्याने हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मासिलामणिने तसबिरीतलं तिकीट ठेवलं. कोदंडमच्या नोंदीतल्या क्रमांकाशी ते जुळलं, मंदवेळीआधीचं. अधिकारी म्हणाला, "पंधरा वर्षं चौकशा करतोय. प्रवाशाने स्वतःच्याच हाताविरुद्ध साक्ष दिलेली पहिल्यांदा पाहतोय." आणि फाईल बंद केली.

मी कोदंडमपुढे उभा राहिलो. तीन पानी तक्रार लिहिणाऱ्या माणसाला एक वाक्य सुचेना. "चोर म्हणालो होतो," एवढंच म्हटलं.

"ऐकलं होतं सार," तो म्हणाला. "आख्ख्या बसने ऐकलं होतं."

"आता आख्ख्या बसपुढे परत घेईन."

"नको. उशीर होतो लोकांना." मग टपरीपाशी त्याने आम्हा दोघांना चहा सांगितला. मी पैसे द्यायला गेलो तर त्याने हात आडवा घातला आणि दोन बोटांच्या मधून एक नोट ओढून काढली. उभी घडी. सुरीसारखी.

मी चहा सांडला.

२१ जानेवारी

सुंदरवदनमना बँकेच्या दारात गाठलं. "आठ डिसेंबरचे दीडशे रुपये तुम्ही दिले होते?"

"मी? छे!"

"मग मी आभार मानले ते? दोन वेळा कॉफी पाजली ती?"

"तुम्ही मानत होता, मी ऐकत होतो," ते म्हणाले. "आभार नाकारणं बरं दिसत नाही हो."

घरी येऊन आठ तारखेचं पान पुन्हा वाचलं. नोटांची घडी मीच लिहून ठेवली आहे. ज्याला चोर म्हटलं, त्यानेच दिले, मी अजून ओरडत असताना.

कॅलेंडर भिंतीवरून काढलं. कोमळमने ते परत लावलं. म्हणाली, एकतीस तारखेचं पान तेवढं दुरुस्त करा. लाल शाईने 'नष्ट' खोडून 'सुख' लिहिलं. उरलेल्या तीनशे नव्याण्णव भिंतींचं काय करायचं ते सुचत नाही.

२५ जानेवारी, सोमवार

कोदंडम परत आपल्या सीटवर. माझा सहावा बाक रिकामा होता. जेयक्कोडी अक्कांनी त्यावर डबा ठेवून राखला होता, असं त्या म्हणाल्या. "संप मिटला?" त्यांनी विचारलं. मी त्यांना ते नाणं दिलं, जे माझ्या कॉलरमध्ये गेलं होतं. त्यांनी निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "व्याज?"

सात रुपये मागे पाठवले. पेपर उघडला नाही. अड्यारच्या पुलावर खांद्याला बोट लागलं. हात मागे गेला, आणि त्याच वेळी मागून, आख्ख्या बसला ऐकू जाईल असा आवाज आला: "सहाव्या बाकावरचे सार! ते तुमचं आहे! पुढे देऊ नका, अय्यप्पाकडे एक आहे!"

बस हसली. खूप वेळ हसली. मासिलामणि आरशात दात दाखवत होता, सुंदरवदनम चष्मा पुसत होते. तो माझ्यावरचा खरा सूड होता आणि कोदंडमने तो पाच दिवस तापवून ठेवला होता हे मला मान्य आहे. मीही त्याच्या जागी तेच केलं असतं, आणि जरा जास्त.

तिकीट ओलं होतं. पुसलं नाही. खिशात ठेवलं.

मंदवेळी गेल्यावर हसू ओसरलं. पुढून कुणा बाईचे पैसे आले, ते मागे दिले. त्यांच्यामागून मी आणखी दोन नोटा दिल्या, एक शंभराची, एक पन्नासाची, लांबीकडून उभी घडी घातलेल्या. घडी मला नीट जमली नव्हती.

"ह्या कुणाच्या?" मागच्याने विचारलं.

"मागे द्या," मी म्हटलं.

त्याने दिल्या. त्याच्या मागच्याने दिल्या. मी वळून पाहिलं नाही, नुसते हात मोजत होतो, सात, आठ. मग मागून कोदंडमच्या दोन शिट्ट्या झाल्या आणि बस सुटली.